वीज आणि आपल्या समजुती

श्रोतेहो, वळवाच्या दिवसांतली एक दुपार डोळ्यांपुढे आणा. वैशाख सरत आलेला आहे. सकाळपासून अंगाची नुसती लाही लाही होते आहे. शेतात कुळवाची शेवटची पाळी चालू आहे, आणि तीन-चारच्या सुमाराला एका अंगाने काळेकुट्ट ढग वर येतात. वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, टपोरे थेंब पडू लागतात. अशा वेळी शेतातला माणूस काय करतो? बांधावरच्या आंब्याकडे, नाही तर लिंबाकडे धाव घेतो. खुरपणाऱ्या बाया डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तिथेच येतात. गुराखी पोरगा गुरे तिथेच वळवतो. पाच-सात माणसे, बैलांची जोडी, शेळ्या, सगळी एका बुंध्याला बिलगून उभी राहतात, आणि कुणी तरी म्हणते, "बरं झालं बाई, आडोसा मिळाला!"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते, आणि तिच्यात बहुतेक वेळा एक शब्द हमखास सापडतो : 'झाडाखाली'.

आपल्या देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा २,८८७ आहे. यातली बहुतेक माणसे शेतावर राबणारी, गुरे राखणारी असतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विदर्भ आणि मराठवाडा या भागांवर हा घाला अधिक पडतो. आणि तो पडतो तोही नेमका पेरणीच्या तोंडावर, किंवा परतीच्या पावसात, म्हणजे सोयाबीनच्या काढणीच्या वेळी. घरचा कर्ता माणूस, नाही तर घर चालवणारी बाई उघड्या रानात असते तेव्हा.

मी भूगोलाचा शिक्षक. विजेचे भय दाखवण्यासाठी मी आज बोलत नाही. भय आपल्याला पुरेसे आहेच. पण भयाच्या पोटी आपण काही समजुती धरून बसलो आहोत. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, काही मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. त्या एकेक करून तपासून पाहू.

त्याआधी वीज म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वळवाचा ढग हा उंचच उंच वाढलेला ढग. दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच. त्याच्या वरच्या भागात कडाक्याची थंडी असते. तिथे बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा वाऱ्याच्या झोताबरोबर वरखाली होतात, एकमेकांवर आपटतात. लोकरीचे वस्त्र अंधारात अंगावरून काढताना कशा बारीक ठिणग्या उडतात, तसाच काहीसा प्रकार. या आपटण्यातून विद्युत्भार साठतो. ढगाचा तळ ऋण भाराने भरून जातो. तो भार जमिनीकडे यायला वाट शोधू लागतो. हवा काही विजेची सहजासहजी वाट नव्हे. म्हणून तो भार टप्प्याटप्प्याने, चाचपडत, फाटे फोडीत खाली येतो. जमीन जवळ आली, की जमिनीवरच्या उंच वस्तूंतूनही वर ठिणग्या उठतात. वरची आणि खालची अशी दोघांची गाठ पडली, की क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहतो. त्या वाटेवरची हवा सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! एवढी तापलेली हवा एकदम फाकते, तोच आपण ऐकतो तो कडकडाट.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. खाली येणाऱ्या विजेला जमिनीवर काय आहे, हे अगदी शेवटच्या पन्नास-शंभर मीटरांत 'कळते', असे म्हणायला हरकत नाही. तिथे जे उंच, एकटे आणि टोकदार असेल त्याच्याशी तिची गाठ पडण्याचा संभव जास्त. मोकळ्या रानातले एकटे झाड हे असे असते. आणि झाड नसेल तिथे उभा माणूस!

आता पहिली समजूत. 'झाड वीज आपल्या अंगावर घेईल, आपण खाली सुखरूप राहू.' झाड वीज अंगावर घेते हे खरे. पण ती स्वतःपुरती ठेवत नाही. झाडाच्या ओल्या खोडापेक्षा माणसाचे शरीर विजेला सोपी वाट देते. म्हणून खोडातून उतरणारी वीज मध्येच उडी मारून शेजारच्या माणसात शिरते. आणि समजा तिने उडी नाही मारली, तरी ती बुंध्याशी जमिनीत उतरते आणि चहूकडे पसरते. विहिरीत धोंडा टाकला म्हणजे लाटा कशा पसरत जातात, तशी. अशा जमिनीवर तुमचा एक पाय बुंध्याजवळ आणि दुसरा जरा लांब असला, तर दोन पायांतल्या अंतरामुळे प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. विजेने मरणाऱ्यांपैकी बरेच जण असे जमिनीतून आलेल्या विजेने मरतात, थेट अंगावर पडलेल्या नव्हे.

शेतकरी मला विचारतात, "गुरुजी, माणूस वाचला अन् बैल कसे गेले?" त्याचे उत्तर यातच आहे. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि प्रवाहाची वाट नेमकी काळजावरून जाते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वे देशातल्या एका उघड्या पठारावर वादळात एकमेकांना चिकटून उभी असलेली ३२३ रेनडिअर हरणे एका जागी मेलेली सापडली. एवढ्या जनावरांवर एकेक करून वीज पडली नव्हती. ती जमिनीतून पसरली होती. तेव्हा गुरे झाडाखाली दाटीने बांधू नका, आणि आपणही दाटी करू नका.

दुसरी समजूत : 'पाऊस सुरू झाल्यावर बघू,' किंवा 'ढग अजून डोक्यावर कुठं आलाय?' वीज ढगाच्या अंगाबाहेर दहा-दहा किलोमीटर लांबही पडू शकते. तुमच्या शेतावर ऊन असेल, तरीही. यासाठी एक सोपे माप सांगतो. शिक्षकांनी ते वर्गात मुलांकडून करून घ्यावे. प्रकाश आपल्यापर्यंत तत्काळ पोहोचतो; आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. वीज चमकली, की घड्याळाच्या ठोक्याने एक, दोन, तीन मोजू लागा. कडकडाट ऐकू येईतो नऊ मोजले, तर वीज तीन किलोमीटरवर पडली. तीस मोजले, तर दहा किलोमीटरवर. आणि तीस मोजून होण्याआधीच गडगडाट ऐकू आला, तर रानात एक क्षणही थांबू नये. खरे म्हणजे मोजायचेही कारण नाही. गडगडाट ऐकू आला, याचा अर्थच आपण विजेच्या टप्प्यात आलो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा, आणि मगच बाहेर पडावे. पाऊस उघडला म्हणून लगेच शेतात शिरणारा माणूस जाणाऱ्या ढगाच्या तडाख्यात सापडतो.

तिसरी समजूत : 'एकदा पडलेल्या जागी वीज पुन्हा पडत नाही.' न्यूयॉर्कमधल्या एम्पायर स्टेट या उंच इमारतीवर दर वर्षी वीस-पंचवीस वेळा वीज पडते. अमेरिकेतल्याच रॉय सलिव्हन नावाच्या एका वनरक्षकावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडल्याची नोंद आहे, आणि सातही वेळा तो जगला. जी जागा एकदा उंच आणि उघडी होती, ती दुसऱ्या वेळीही तशीच असते. मागच्या वर्षी जळलेल्या झाडाचा बुंधा यंदा काही सुरक्षित झालेला नसतो.

चौथी समजूत लोखंडाची. कोकणात आणि घाटावरही कित्येक घरी गडगडू लागले, गारा पडू लागल्या, की कोयता किंवा पहार अंगणात फेकतात. त्याने वीज तिकडे जाते म्हणे. दुसरीकडे असेही लोक आहेत, की ते खिशातली किल्लीसुद्धा काढून टाकतात, कारण लोखंड वीज ओढून घेते! दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे. विजेला ओढ असते ती उंचीची आणि टोकाची. अंगणात आडवा पडलेला कोयता तिला काही सांगत नाही, आणि खिशातली किल्लीही नाही. मात्र कोयता फेकायला म्हणून पावसात अंगणात धावणारा माणूस स्वतःला उगीच धोक्यात घालतो. खांद्यावर उभी धरलेली पहार, डोक्यावर धरलेली छत्री, यांनी मात्र आपली उंची वाढते. त्या खाली ठेवाव्यात. तारेच्या कुंपणाला, विहिरीवरच्या पंपाला, लोखंडी पाइपाला हात लावू नये, कारण लांब कुठे पडलेली वीज त्या वाटेने आपल्यापर्यंत येते.

याच जातीची एक समजूत रबराची. 'पायात रबरी चप्पल आहे, मला काय होतंय?' अहो, जी वीज किलोमीटर दोन किलोमीटर हवा फोडून आली, तिला बोटभर रबराची काय मातब्बरी? मोटारगाडीत बसलेला माणूस बहुधा वाचतो, तो टायरमुळे नव्हे. गाडीचा पत्रा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरवतो, म्हणून. तेव्हा काचा बंद करून, पत्र्याला हात न लावता बसावे. ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलगाडी यांना असे कवच नाही, त्यांवरून उतरावे. आणि खिशातला मोबाइल फोन वीज ओढत नाही. पण भिंतीत लावून चार्ज होत असलेला फोन त्या वेळी हातात घेऊ नये. हाच नियम भिंतीच्या बटणावर चालणाऱ्या रेडिओला. बॅटरीवरचा खुशाल ऐका, त्यावर हवामानाची बातमीही मिळेल!

आता एका अशा समजुतीकडे येतो, की जिच्यात विज्ञानापेक्षा माणुसकीचा प्रश्न मोठा आहे. 'पायाळू माणसावर वीज पडते.' जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. आमच्या शाळेत असा एक मुलगा होता. आभाळ भरून आले, की मुले त्याच्यापासून लांब सरकत. एकदा गडगडू लागले, तेव्हा आमच्या गुरुजींनीच त्याला वर्गातून उठवून बाहेर ओसरीवर बसवले. तीसेक मुले आत, आणि तो एकटा कुडाला टेकून बाहेर, पावसाची झड अंगावर घेत. वीज काही पडली नाही. पण पुढे आभाळ आले, की तो शाळेलाच येईना. आणि वर्ष सरण्याआधी त्याने शाळा सोडली. श्रोतेहो, बाळ कसे जन्मले हे ढगाला ठाऊक नसते. ओसरीवर बसवलेला कोणताही मुलगा आतल्या मुलापेक्षा अधिक धोक्यात असतो, मग तो पायाळू असो वा नसो. विजेने त्या मुलाचे काही केले नाही. जे केले ते आम्ही केले.

पाचवी समजूत आडोशाविषयी. 'डोक्यावर काही तरी असलं म्हणजे झालं.' शेतातली खोपी, पाखरे राखायचा माळा, चार मेढींवरचे पत्र्याचे छप्पर, उघडी बस थांबायची जागा, हे सारे पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. माळा तर सर्वांत वाईट, कारण तो उंच आणि एकटा. १९ व्या-२० व्या शतकातली गोष्ट सोडा. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोरील टेहळणी मनोऱ्यावर पाऊस पाहायला चढलेल्यांवर वीज पडली आणि दहाहून अधिक माणसे गेली. दगडी बांधकाम होते, पण उंचावर होते. खरा आसरा म्हणजे चारी बाजूंनी भिंती असलेले, वीज आणि नळ यांची जोडणी असलेले पक्के घर, शाळा, ग्रामपंचायतीची इमारत. तिथेही दारात उभे राहून गंमत पाहू नये, नळाखाली भांडी घासू नयेत, अंघोळ करू नये.

मोठ्या इमारतीवर टोकदार कांब बसवतात, तिच्याबद्दलही लोक म्हणतात, "त्यानं उलट वीज ओढून घेतली जाते." बेंजामिन फ्रँकलिन याने १७५२ च्या सुमारास ही कल्पना पुढे आणली. ती कांब वीज बोलावीत नाही. आलेल्या विजेला जाड तारेने सरळ जमिनीत नेऊन सोडते. मात्र ती तार तुटलेली असेल, तर कांब असून नसल्यासारखीच. शाळेवर अशी कांब असेल, तर मुख्याध्यापकांनी पावसाळ्याआधी तिची तार आणि जमिनीतली जोडणी तपासून घ्यावी.

"पण गुरुजी, घर दोन कोस लांब आहे. आम्ही करायचं काय?" रास्त प्रश्न आहे. खरे उत्तर असे, की उघड्या रानात पूर्ण सुरक्षित अशी जागा नाही. म्हणून आधी निघणे हाच उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाची मोबाइलवरची सोय केली आहे. आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरात वीज पडत असेल, तर ती इशारा देते. घरात एखाद्या शिकलेल्या मुलाने सकाळी आणि दुपारी ती पाहून शेतावर निरोप द्यावा. इतके करूनही अडकलात, तर टेकाडावरून खाली उतरा, एकट्या झाडापासून आणि पाण्यातून दूर व्हा. भाताच्या खाचरात असाल, तर बाहेर या. सगळे एका जागी न बसता पंधरा-वीस पावलांच्या अंतराने पांगा, म्हणजे एकावर बेतले, तर बाकीचे मदतीला उरतील. अगदीच गत्यंतर नसेल, तर दोन्ही पाय जुळवून, टाचा चिकटवून, डोके गुडघ्यांत घालून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे मात्र पडू नका. आडव्या माणसाला जमिनीतला प्रवाह डोक्यापासून पायापर्यंत सापडतो.

शेवटची समजूत राहिली, आणि माझ्या मते हीच सर्वांत घातक. 'वीज पडलेल्या माणसाला शिवू नये. त्याच्या अंगात वीज असते.'

यावर मी पुस्तकातून बोलत नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीत गावी आलो होतो. ओढ्यापलीकडे एका मेंढपाळावर वीज पडली. आम्ही दहा-बारा जण धावत गेलो. तो उताणा पडला होता. अंगावर फारशी जखमही नव्हती. एक म्हातारबा ओरडले, "लांब ऱ्हावा, हात लावू नका, करंट हाय!" आणि आम्ही सगळे थांबलो. मीही थांबलो. मेघगर्जनेवर टिपण लिहून मी त्याच वर्षी चांगले गुण मिळवले होते; पण त्या शेतात माझे पाय उचलले नाहीत. डॉक्टर आले तोवर अर्धा तास गेला होता. तो वाचला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण त्याला वाचवण्याचा प्रयत्न कुणीच केला नाही, एवढे मात्र मी सांगू शकतो.

विजेचा प्रवाह क्षणात निघून जातो. माणसाच्या अंगात तो राहत नाही. त्याला हात लावणाऱ्याला काही होत नाही. पुष्कळदा विजेच्या धक्क्याने काळीज आणि श्वास थांबतो. काळीज पुन्हा आपोआप चालूही होते, पण श्वास रेंगाळतो, आणि तेवढ्या अवधीत श्वासावाचून जीव जातो. म्हणून अनेक जण पडले असतील, तर जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी धावा. कण्हणारा बहुधा वाचतो. निपचित पडलेल्याला उताणा ठेवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून सुमारे दोन इंच खोल, भराभर दाबा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस वेळा दाबल्यावर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. श्वास देणे जमत नसेल, तर नुसते दाबत राहा. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि छत्तीसगड-झारखंडकडे वीज पडलेल्याला शेणात गाडून ठेवल्याच्या बातम्या येतात, तसले काही करू नये. त्यात फक्त वेळ जातो, आणि वेळ हेच त्या माणसाचे औषध असते. मात्र वीज अजून कडाडत असेल, तर आधी त्याला आणि स्वतःला आडोशाला न्या.

शिक्षक मित्रहो, हे काम तुम्हीच करू शकता. मृगाच्या आधी एक तास काढा. मुलांना सेकंद मोजायला शिकवा. उशी घेऊन छाती दाबायचा सराव करून घ्या. आभाळ गडगडत असताना शेवटची घंटा झाली, तरी मुलांना घरी सोडू नका. मुले घरी जाऊन सांगतील, आणि बाप जे आपले ऐकत नाही, ते मुलाचे ऐकतो. आणि वर्गात कुणी पायाळू असेल, तर त्याला मधल्या बाकावर बसवा, सगळ्यांच्या मध्ये.

या वर्षी वळीव येईल, तसाच गरजत येईल. त्याचे आपण स्वागतच करतो. त्याच्यावाचून पेरणी नाही. फक्त पहिला गडगडाट ऐकला, की औत सोडा, पाय उचला, आणि त्या बांधावरच्या आंब्याला लांबूनच रामराम करून घरची वाट धरा.